जुन्या सोन्याची नवी घडणावळ

'जुने ते सोने' ही म्हण आपल्याकडे उठता-बसता एकमेकांच्या तोंडावर फेकली जाते. पण ती फेकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी सोनाराच्या दुकानात बसून जुन्या सोन्याचे पुढे होते काय, हे नीट पाहिले असेल. सोने कपाटात ठेवून त्याला हळदकुंकू वाहावे, असे सोनार कधीच म्हणत नाही. तो आजीच्या पाटल्या तराजूत टाकतो, मुशीत आटवतो आणि त्याच सोन्याच्या नातीच्या मनगटाला बसतील अशा बांगड्या घडवून देतो. घाट बदलला, आकार लहान झाला, सोने तेच. धनत्रयोदशीच्या सुमारास हा व्यवहार घरोघर चालतो आणि त्यात कोणालाही काही वावगे दिसत नाही. मग हाच व्यवहार एखाद्या वाद्याच्या बाबतीत घडला, की आमच्या शहाण्यासुरत्या मंडळींच्या भुवया एवढ्या का चढाव्यात?

हे वाद्य म्हणजे सिंथेसायझर. हा शब्द ऐकताच लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला, शेकडो बटणांचा, सनईपासून समुद्राच्या लाटेपर्यंत सारे आवाज पोटात भरून ठेवलेला कीबोर्ड वाचकांच्या डोळ्यांसमोर उभा राहील. तो येथे अभिप्रेत नाही. मी बोलतो आहे तो त्याच्या थोरल्या भावाविषयी, १९७० च्या दशकातल्या ॲनालॉग सिंथेसायझरविषयी. १९७० साली अमेरिकेत रॉबर्ट मोग यांच्या कंपनीने 'मिनीमोग' आणला. १९७८ साली जपानच्या कोर्ग कंपनीने 'एमएस-२०' आणला. (मोग यांचे आडनाव आपल्याकडे हटकून 'मूग' असे वाचले जाते. मुगाचा संबंध पुढे येणारच आहे, तो वेगळ्या कारणाने.) ही यंत्रे पुढे बंद पडली, अडगळीत गेली, आणि मग दुर्मिळ झाली म्हणून महाग झाली. २०१३ साली कोर्गने तो 'एमएस-२०' पुन्हा घडवला. आतले सर्किट जुन्याच आराखड्याचे. आकार मात्र मूळच्या ८६ टक्के. पट्ट्या तेवढ्याच ३७, पण बोटांना जरा आवळून घ्यावे लागेल अशा. समोर नॉबची रांग आणि उजवीकडे वायरी खोचायची छिद्रे, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली असावीत तशी. अशी यंत्रे आता वाशी, नेरुळ, खारघरच्या सदनिकांतही एखाद्या टेबलावर दिसू लागली आहेत, आणि ती दिसताच घरी आलेला पाहुणा चहाचा कप खाली ठेवून विचारतो, "एवढे पैसे घालून हे खेळणे कशाला आणलेत?"

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम हे खेळणे करते काय ते सांगतो. त्याच्या पोटात तयार आवाज एकही नसतो. असतो तो फक्त विजेचा प्रवाह. तो सेकंदाला शेकडो वेळा वरखाली होतो आणि स्पीकरमधून एक कच्चा, खरबरीत, भुंग्यासारखा सूर निघतो. त्या सुरात स्वयंभू स्वरांची नुसती गर्दी असते. मग फिल्टर नावाचा भाग त्यातले नको ते गाळतो: नॉब एकीकडे फिरवला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा मऊ होतो, दुसरीकडे फिरवला की पत्र्यासारखा लखलखतो. आणखी काही नॉब सूर कसा उमटावा, किती टिकावा आणि कसा विरावा हे ठरवतात. हे सारे फार परके वाटत असेल, तर मिरजेला जाऊन या. २०२४ साली ज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते मिरजेचे तानपुरे जेथे घडतात, तेथे कारागीर जवारी लावताना पाहा. तार आणि घोडी यांच्यामध्ये तो सुताचा एक दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो आणि मुकी तार एकदम गुणगुणू लागते. कोणते स्वयंभू स्वर पुढे आणायचे आणि कोणते मागे ठेवायचे, हाच तो प्रश्न. तेथे दोरा सरकतो, येथे नॉब फिरतो. कान मात्र दोन्हीकडे तेवढाच जागा लागतो.

आता पहिला आक्षेपक पुढे येतो. तो तरुण आहे, संगणक जाणतो आणि सर्वज्ञ आहे. तो म्हणतो, "हे सारे कॉम्प्युटरात मिळते की!" खरे आहे. खुद्द कोर्गनेच २००४ साली 'एमएस-२०' ची संगणकी आवृत्ती काढली होती. तीत हवे तेवढे आवाज साठवता येतात, एका टिचकीसरशी परत आणता येतात. या छोट्या यंत्रात मात्र साठवण्याची सोयच नाही. आज रात्री तुम्ही दोन तास खपून एक सुंदर सूर जमवलात आणि सकाळी घरातल्या चिमुरड्याने चार नॉब फिरवले, की तो सूर गेला. कागदावर खुणा करून ठेवल्या असतील तर त्याच्या जवळपास पोहोचाल. नेमका तोच सापडेल याची हमी नाही.

आमच्या सर्वज्ञ मित्राला हा दोष वाटतो. मला यातच या वाद्याचे सारे मर्म दिसते. आणि दिवाळीच्या दिवसांत ते समजावून द्यायला फार लांब जावे लागत नाही. दारात रांगोळी काढणाऱ्या बाईला विचारा, "काकू, कालची रांगोळी पुसली म्हणून तुम्ही रडत का बसला नाहीत?" ती तुमच्याकडे वेड्यासारखे पाहील. रांगोळी पुसली जाणारच असते. म्हणूनच हात तयार होतो, म्हणूनच पाडव्याची रांगोळी नरकचतुर्दशीच्या रांगोळीहून निराळी निघते. बाजारात आता चिकटवायच्या रांगोळ्याही मिळतात. रेघ सरळ, रंग पक्का, वर्षभर टिकाऊ! सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर त्या सारख्याच दिसतात. ज्याला त्या पुरतात त्याने त्या खुशाल चिकटवाव्यात. परंतु ती चिकटवून "आम्ही रांगोळी काढली" असे म्हणू नये, एवढीच विनंती.

हा विनोदाचा विषय राहिलेला नाही, कारण आपल्या मुलांना आपण नेमके हेच चिकटवणे शिकवीत आहोत. कीबोर्डच्या कुठल्याही शिकवणीवर्गात डोकावा. आठ-नऊ वर्षांचे पोर वहीत सूर लिहिण्याआधी आवाजाचा क्रमांक लिहिते: अमुक आकड्याला सतार, तमुक आकड्याला बासरी. बटण दाबले की तबलाही आपोआप सुरू होतो. मुलाने फक्त त्याच्या मागून चालायचे. स्नेहसंमेलनात टाळ्या पडतात, परीक्षेचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते, आणि सहा वर्षे 'वाद्य' वाजवून त्या मुलाला आवाज कशाचा बनतो याचा पत्ता नसतो. तो सुरांचा गिऱ्हाईक होतो. कर्ता होण्याची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. त्याच मुलाला त्या ३७ पट्ट्यांच्या पेटीपुढे बसवा. आधी तासभर नुसता गोंगाट होईल, आई कानांवर हात ठेवील. मग कोठेतरी एका क्षणी त्या गोंगाटातून त्याला हवा असलेला एक सूर निघेल आणि तो मुलगा हरखून ओरडेल, "आई, ऐक, हा मी केला!" 'मी वाजवला' आणि 'मी केला' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यासाठी मी भांडतो आहे.

दुसरा आक्षेपक वयस्क आहे आणि जाणकार आहे. त्याला ॲनालॉग मान्य, जुनेही मान्य. पण पुन्हा घडवलेले अमान्य! "मूळची गोष्टच निराळी," असे म्हणून तो डोळे मिटतो. मूळच्या यंत्राचे मोठे नॉब, त्याची जाड लाकडी बाजू, त्याचे तापेपर्यंत बेसूर राहणे, या साऱ्यांचे तो वर्णन करतो आणि शेवटी हळूच किंमत सांगतो. या गृहस्थाला मी एक इतिहास सांगू इच्छितो. १९८१ साली जपानच्या रोलंड कंपनीने 'टीबी-३०३' नावाची एक चपटी, चंदेरी डबी काढली. एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी एवढाच तिचा हेतू. साथ तिला नीट जमेना. बेस गिटारसारखी ती वाजेना. १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले आणि उरलेल्या डब्या जुन्या बाजारात पडत्या भावाने जाऊ लागल्या. त्या घेतल्या कोणी? शिकागोच्या खिसा रिकामा असलेल्या तरुणांनी. त्यांनी तिचे नॉब भलतीकडे फिरवले, तिच्यातून किंचाळणारा, चिवचिवणारा, वळवळणारा सूर काढला आणि १९८७ साली 'फ्युचर' या त्रिकुटाच्या 'ॲसिड ट्रॅक्स' या तबकडीतून नृत्यसंगीताची एक नवी शाखाच उभी राहिली. त्यानंतर त्या डब्यांचे भाव आभाळाला भिडले. म्हणजे या यंत्राला जे मोल आले, ते स्वस्ताईतून आले. ज्याच्या हाती ते सहज पडले त्याने ते निर्माण केले. आज तेच यंत्र काचेच्या कपाटात बंद करून 'मूळचेच हवे' म्हणणारा माणूस त्या वाद्याचा भक्त नाही. तो त्याचा सावकार आहे. परवडणारी लहान आवृत्ती काढणे म्हणजे वाद्याला पुन्हा रस्त्यावर, पुन्हा तरुण हातांत आणून सोडणे होय.

मात्र येथे गिऱ्हाइकाने सावध राहावे. बाजारात जुन्या नावाने येणारी सगळीच यंत्रे एका जातीची नसतात. काहींच्या आत खरोखर जुन्या आराखड्याचे ॲनालॉग सर्किट असते. काहींच्या आत संगणकी चिप जुन्या सर्किटचे गणित मांडत असते. रोलंडने २०१६ साली काढलेली त्या चंदेरी डबीची छोटी बहीण 'टीबी-०३' ही या दुसऱ्या प्रकारची. ती वाईट वाजते असे मी म्हणत नाही. एक ग्रॅम सोन्याचा दागिनाही लग्नात शोभून दिसतो. पण घेताना काय घेतो आहोत ते विचारून घ्यावे.

तिसरा आक्षेपक सर्वांत प्रतिष्ठित. तो म्हणतो, "हे आपले नव्हे." आपल्या संगीतात मींड आहे, श्रुती आहेत, आत्मा आहे, विजेच्या डब्याशी आपला संबंध काय? हे बोलताना त्याच्या मांडीशेजारी मोबाइलमधला तानपुरा वाजत असतो, हे सोडून देऊ. पण याच पट्टीने मोजायचे तर पेटी आपली कोठे होती? १८४२ साली पॅरिसमध्ये पेटंट मिळालेले ते पायाने भाता हलवायचे धूड. कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचे पाय कापले, भाता मागे लावला आणि मांडीशी घेऊन बसता येईल असे केले. म्हणजे आकाराने लहान करून पुन्हा घडवलेले परदेशी यंत्रच ते! १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली. ती १९७१ साली सैल झाली. कारण काय? तिच्यात मींड नाही, तिचे स्वर ठोकळेबाज. आक्षेप खोटा नव्हता. पण तोपर्यंत गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी त्या ठोकळ्यांतून काय काढून दाखवले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक होते. आता गंमत पाहा: या ॲनालॉग यंत्रावर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी एक स्वतंत्र नॉबच असतो आणि सूर केसभर चढवण्या-उतरवण्यालाही मज्जाव नसतो. शिवाय 'एमएस-२०' वर एका वेळी एकच सूर वाजतो, गळ्यासारखा. ज्या दोषासाठी पेटीला तीस वर्षे दाराबाहेर उभे केले, तो दोष ज्यात नाही त्या वाद्यालाही दार बंदच ठेवायचे असेल, तर अडचण वाद्यात नसून दारात आहे.

आणि विजेचा सूर आपल्या कानांना नवा आहे असे तरी कोठे आहे? १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी ऐकून सारा देश डोलला. ती पुंगी कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लेव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या छोट्या वाद्यावर वाजवली होती. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या हातून कपाटाएवढा मोग सिंथेसायझर बसवला गेला. भारतीय तरुणांनी त्यावर केलेल्या रचनांच्या ध्वनिफिती तेथे पडून राहिल्या आणि २०२३ साली तबकडीच्या रूपाने जगापुढे आल्या.

सर्वांत बोचरी गोष्ट मात्र मुंबईचीच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे मुंबईचे वादक. शिकागोच्या तरुणांच्या आधी पाच वर्षे, १९८२ साली, त्यांनी तीच चंदेरी 'टीबी-३०३', रोलंडचे 'टीआर-८०८' हे तालयंत्र आणि 'ज्युपिटर-८' हा सिंथेसायझर एकत्र जोडला आणि भूपाली, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची एक तबकडी एचएमव्हीकडून काढली. डिस्कोच्या ठेक्यावर राग! रसिकांनी नाके मुरडली की नाही हेही कळायला मार्ग नाही, कारण तबकडी फारशी कोणी घेतलीच नाही. वीस वर्षांनी एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि सारे पाश्चात्त्य जग चकित झाले. सत्तरीच्या वयात चरणजित सिंग युरोपात जाऊन तरुणांच्या गर्दीपुढे वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. या साऱ्या काळात आम्ही काय केले? मूग गिळून बसलो. यंत्रे जपानने पुन्हा घडवली, तबकडी हॉलंडने पुन्हा काढली; आम्ही मात्र 'हे आपले नव्हे' एवढेच पुन्हा पुन्हा म्हणालो.

नवी मुंबईकरांनी तर हे वाक्य मुळीच उच्चारू नये. सिडकोची स्थापना झाली १९७० साली. मिनीमोग आला तोही १९७० साली. हे वाद्य आणि हे शहर एका वयाचे आहेत. ज्या शहरात शंभर वर्षांचा वाडा शोधून सापडत नाही, तेथे हाच आपला वारसा. आणि ज्यांचा वारसा या मातीत शहराहून पुष्कळ जुना आहे, त्या आगरी-कोळी गावठाणांत हळदीच्या रात्री काय वाजते? बेंजो! टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे वाद्य मूळचे जपानी; १९१२ साली नागोयात ते जन्मले. आपल्या लोकांनी त्याला विजेची जोड दिली, गळ्यात अडकवले आणि वरातीपुढे असे वाजवले, की ते कोकणातलेच नव्हे असे म्हणण्याची आज कोणाची छाती होणार नाही. गावठाणातल्या वादकाने 'आपले की परके' असा परिसंवाद भरवला नाही. त्याने वाजवून निकाल लावला. 'एमएस-२०' ला बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी एक छिद्र असते. त्यात बेंजोची वायर खोचून पाहायला कोणी निघेल, तर त्या हळदीचे आमंत्रण मला अवश्य पाठवावे.

शेवटी दोन शब्द आमच्याच पक्षाला. हे यंत्र विकत घेऊन त्याचा फोटो मित्रांना पाठवून ते शोकेसमध्ये ठेवणारे, आणि पुढच्या महिन्यात दुसरे घेणारे महाभाग आमच्यात थोडे नाहीत. संग्राहकाने लाखाचे यंत्र न वाजवता ठेवले काय आणि यांनी काही हजारांचे ठेवले काय, दोन्ही मुकीच. सदनिका लहान आहे, शेजारी कुरकुरतात, वेळ मिळत नाही, ही कारणे येथे चालायची नाहीत. टेबलावर मावावे आणि हेडफोन लावून मध्यरात्रीही वाजवता यावे, यासाठीच तर हे लहान केले आहे.

आणि एक मागणी पालकांकडे, शिकवणीवर्गांकडे आणि गल्लोगल्ली दिवाळी पहाट भरवणाऱ्या मंडळांकडे. मोठमोठी परदेशी पथके नेरुळच्या स्टेडियममध्ये येतात. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले आले तेव्हा लोकल गाड्या ओसंडून वाहिल्या. तो थाट हजारोंनी पाहायचा आणि घरी परतायचे. त्या एका तिकिटावर, येण्याजाण्यावर आणि खाण्यापिण्यावर घराघराने जे उधळले, त्यात चार-सहा घरांनी मिळून असे एक यंत्र सहज येईल. ते सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवा, वर्गात ठेवा, वाचनालयात ठेवा. शेजारी एक वही ठेवा. ज्याने जो सूर केला त्याने त्याच्या खुणा तीत लिहाव्यात आणि मग दुसऱ्यासाठी सारे नॉब शून्यावर आणावेत. वर्षभरात ती वही भरली नाही, तर पुढच्या दिवाळीला मला जाब विचारा. भरली, तर ती वाचायला मी स्वतः येईन.